शेवट गोड असलेली गोष्ट

छातीत धडधड होते, रात्री झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, डोके सतत जड. वय अठरा ते पंचवीस. ईसीजी काढला तर नॉर्मल. रक्ताच्या व थायरॉईडच्या तपासण्या केल्या, त्याही ठीक. असा तरुण रुग्ण समोर बसला की जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर मनातल्या मनात यादी तपासू लागतो: परीक्षेचे दडपण, नोकरीची काळजी, प्रेमभंग, व्यसन. या यादीत आणखी एक कारण असायला हवे, परंतु ते बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. त्या मुलाला मुलांविषयीच, किंवा त्या मुलीला मुलींविषयीच ओढ वाटत असते. घरात स्थळे पाहणे सुरू झालेले असते. आणि हे सांगायचे कोणाला, या विचाराने जीव कोंडलेला असतो.

अशा तरुणांना गोळ्यांनी झोप येईल, समुपदेशनाने मन मोकळे होईल. पण 'माझे पुढे काय होणार?' या प्रश्नाचे उत्तर गोळीत नसते. हे उत्तर शोधताना एका साध्या गोष्टीची फार मदत होते. ती म्हणजे आपल्यासारख्याच माणसांची, शेवट गोड असलेली प्रेमकथा. आज त्याविषयी.

हा आजार नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. समलिंगी असणे हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी आपल्या रोगांच्या यादीतून ते वगळले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीर केली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दोन सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले.

मग धडधड कशाची? ती लपवण्याची. आपण काय बोलतो, कोणाकडे पाहतो, कसे चालतो यावर दिवसभर पहारा ठेवायचा. कोणी ओळखेल का, ही धास्ती. मित्रांनी केलेल्या टिंगलीवर आपणही हसायचे. शरीराच्या दृष्टीने हा कायमचा धोक्याचा इशारा असतो. अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वारंवार वाढतात. मग झोप उडते, पोट बिघडते, हृदय धडधडते. अमेरिकेतील संशोधक इलान मेयर यांनी या ताणाची २००३ मध्ये सविस्तर मांडणी केली. समाजाकडून मिळणारी हेटाळणी, नाकारले जाण्याची भीती, लपवाछपवी आणि अखेर स्वतःविषयीच वाटू लागणारी घृणा, या पायऱ्यांनी तो चढत जातो. शेवटची पायरी सर्वांत धोक्याची.

गोष्टींतून आपण काय शिकतो?

लग्न, संसार, भांडणतंटा, म्हातारपण यांचे चित्र मुले घरातून तर शिकतातच, पण गोष्टींतूनही शिकतात. सिनेमा, मालिका, कथा-कादंबऱ्या पाहता-वाचता मुलगा नकळत स्वतःला नायकाच्या जागी ठेवतो आणि पुढच्या आयुष्याची रंगीत तालीम करतो.

समलिंगी मुलाला ही तालीम करायला जागाच मिळत नाही. सिनेमात त्याच्यासारखे पात्र आले तर अनेकदा ते हसण्यासाठी असते. गंभीर कलाकृतीत आले तर अनेकदा ते शेवटी मरते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगमंचावर आणणे हे त्या काळी मोठे धाडस होते. तरी त्या मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. लेखकाला शोकांतिका लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण एखाद्या तालुक्याच्या गावातील सतरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आपल्यासारखीची एवढी एकच गोष्ट आली, तर तिने त्यातून काय घ्यावे?

पन्नास वर्षे टेबलाच्या खणात

ई. एम. फॉर्स्टर हे नाव इंग्रजी वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. 'अ पॅसेज टू इंडिया'चे लेखक. मराठी माणसांशी त्यांचा जवळून संबंध आला होता. १९२१ मध्ये ते देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. त्याआधीच, १९१३-१४ मध्ये, त्यांनी 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली होती. फॉर्स्टर स्वतः समलिंगी होते आणि इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये याच कारणासाठी दोन वर्षे सक्तमजुरी झाली होती. फॉर्स्टरनी हस्तलिखित मोजक्या मित्रांना वाचायला दिले आणि ठेवून दिले. कायदा १९६७ मध्ये बदलला, फॉर्स्टर १९७० मध्ये वारले आणि पुस्तक १९७१ मध्ये बाहेर आले.

कथा अशी: मॉरिस हा खात्यापित्या घरचा तरुण. केंब्रिजला शिकताना क्लाइव्ह या मित्रावर त्याचे प्रेम जडते. पुढे क्लाइव्ह मागे फिरतो आणि लग्न करतो. मॉरिस एकटा पडतो, जीव देण्याच्या विचारापर्यंत जातो. नंतर त्याला अॅलेक भेटतो. हा क्लाइव्हच्या जमीनदारीत शिकारीचे रान राखणारा साधा नोकर. अॅलेकला बोटीने अर्जेंटिनाला जायचे असते, पण तो बोटीवर चढतच नाही. दोघे एकमेकांना भेटतात ते पुन्हा न सोडण्यासाठी. कोणी मरत नाही, कोणी तुरुंगात जात नाही. गोष्टीचा शेवट सुखाचाच हवा, निदान पुस्तकात तरी ही दोन माणसे कायमची एकत्र राहिली पाहिजेत, असा फॉर्स्टरचा आग्रह होता. शेवट फासावर किंवा आत्महत्येत केला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, हे त्यांनाही कळत होते. सुखाचा शेवट म्हणजे 'गुन्ह्याला' शिक्षा नाही, आणि तेच लोकांना खपणार नव्हते.

कादंबरीतले दोन डॉक्टर

आम्हा डॉक्टर मंडळींनी हे पुस्तक जरूर वाचावे. मॉरिस मदतीसाठी प्रथम जातो तो आपल्या कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरांकडे. डॉक्टर समजतात की पोराला गुप्तरोग झाला असावा. ते तपासतात, काही नाही म्हणतात आणि खुशाल लग्न कर, असा सल्ला देतात. मॉरिस धीर करून खरी गोष्ट सांगतो तेव्हा ते ऐकूनच घेत नाहीत. सगळा मूर्खपणा आहे, हा विषय पुन्हा काढायचा नाही, असे बजावतात. डॉक्टर मनाने वाईट नाहीत, त्यांचा या घराशी घरोबा आहे. पण घाबरलेला मुलगा आला त्यापेक्षा अधिक एकटा होऊन बाहेर पडतो.

दुसरे डॉक्टर संमोहनाने उपचार करणारे. ते शांतपणे ऐकून घेतात, प्रयोग करतात. प्रयोग फसतो. तेव्हा ते त्याला जिथे हा गुन्हा नाही अशा देशात जाऊन राहण्याचा सल्ला देतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली ही दोन प्रकरणे. 'लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल' हा पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मात्र आपल्याकडे आजही दिला जातो. त्यातून एकाऐवजी दोन आयुष्यांची नासाडी होते, हे विसरू नये.

वाचकांची पत्रे

अमेरिकेत १९५२ मध्ये 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी निघाली. लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ, पण मुखपृष्ठावर नाव होते क्लेअर मॉर्गन. खरे नाव घालायची सोय नव्हती. या कथेतल्या दोघींपैकी कोणी जीव देत नाही, कोणाला पुरुषाशी लग्न करून 'सुधरावे' लागत नाही. पुढे एकत्र राहण्याची आशा आहे, तिथे पुस्तक संपते. स्वस्त आवृत्ती निघाल्यावर या टोपणनावाने लेखिकेला वाचकांची ढीगभर पत्रे येऊ लागली. त्यांत स्त्रिया होत्या तसे पुरुषही होते. आमच्यासारख्यांच्या गोष्टीचा शेवट असाही होऊ शकतो, याबद्दल ते आभार मानत होते. १९९० मध्ये ते पुस्तक 'कॅरल' या नावाने, लेखिकेच्या खऱ्या नावासह पुन्हा निघाले.

वैद्यकशास्त्र काय म्हणते?

मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९७४ मध्ये निराशा मोजण्यासाठी वीस विधानांची प्रश्नावली तयार केली. आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज घेताना 'मन उदास आहे' यापेक्षा 'पुढे काहीच चांगले होणार नाही' ही भावना अधिक महत्त्वाची असते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. आशा मोजता येते आणि ती संपली की धोका वाढतो.

दुसरी बाब गोष्टींची. गटेच्या १७७४ मधील कादंबरीत वेर्थर हा प्रेमभग्न नायक आत्महत्या करतो. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, या प्रकाराला म्हणूनच १९७४ मध्ये 'वेर्थर परिणाम' हे नाव मिळाले. याची उलट बाजूही आहे. मोझार्टच्या एका संगीतिकेत पापागेनो हा प्रेमात निराश झालेला तरुण जीव द्यायला निघतो. तीन मुले त्याला दुसरा मार्ग दाखवतात आणि तो वाचतो. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०१० मध्ये वृत्तपत्रांतील मजकुराचा अभ्यास केला. ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले पण जे त्यातून सावरले, अशांच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. याला त्यांनी 'पापागेनो परिणाम' म्हटले. हा अभ्यास बातम्यांचा होता, कादंबऱ्यांचा नव्हे. तरी संकटातून तरलेल्या माणसाची गोष्ट कोसळलेल्या माणसाला आधार देते, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

मराठीत काय वाचावे?

पुण्यात समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारे बिंदुमाधव खिरे यांचे 'पार्टनर' हे पुस्तक एका मराठी तरुणाच्या स्वतःला स्वीकारण्याच्या धडपडीविषयी आहे. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये आली. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम जडते आणि तो निघून जातो. विरह आहेच, पण नंतर ती गोष्ट सांगायला दोघेही उरतात. आई-वडिलांसाठी चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' हे नाटक आहे. मुलाची रोजनिशी हाती लागल्यावर एका आईच्या मनात काय काय होते, ते त्यात आहे. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी अॅलिस ओसमन यांची 'हार्टस्टॉपर' ही चित्रकथा चांगली. शाळकरी वयातील दोन मुलांचे त्यात निर्मळ प्रेम आहे.

काही सूचना

१) पुस्तक हे उपचाराला पूरक आहे, पर्याय नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप न लागणे, कशात रस न वाटणे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

२) प्रेमकथेतला जोडीदार आदर्श असतो, प्रत्यक्षात माणसे तशी नसतात. ओळख झालेल्या प्रत्येकावर लगेच विश्वास टाकू नये. सुरक्षित संबंधांविषयीची माहिती डॉक्टरांकडून घ्यावी, कादंबरीतून नव्हे.

३) घरी कधी सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. गोष्टीतला नायक सांगतो म्हणून आपणही घाई करू नये. आधी विश्वासाचे एक माणूस शोधावे.

४) आई-वडिलांनी मुलाच्या उशाखाली असे पुस्तक सापडले तर ते फाडू नये, मारझोड करू नये, लग्नाची घाई तर मुळीच करू नये. जमल्यास स्वतः वाचावे. पुस्तकामुळे कोणी समलिंगी होत नाही. आपले मूल एकटे कुठे रडत होते, एवढे मात्र त्यातून कळते.

५) डॉक्टर बंधू-भगिनींनी 'लग्न कधी?' असे विचारण्याऐवजी 'मनात काही आहे का, इथे सांगितलेले बाहेर जाणार नाही' असे विचारावे.

६) जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. दुसऱ्याने असे बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये, सोबत दवाखान्यात न्यावे.

ग्रंथालयांच्या चालकांनाही एक विनंती. वर उल्लेख केलेली पुस्तके मागवा आणि इतर कादंबऱ्यांच्या रांगेतच ठेवा. मागायला संकोचणारा वाचक ती स्वतः शोधून घेईल. पुस्तक घरी नेताना त्याला कोणी काही विचारू नये, एवढे पाहा.