हॉकी प्रशिक्षक व्हायचंय? आधी जूनची हजेरी मोजा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एखादा तरी फोन येतो. पलीकडे बहुधा वडील असतात आणि आवाजात काळजी असते. "सर, पोरगा म्हणतो इंजिनिअरिंग नको, हॉकीचा कोच होणार. जिल्ह्याच्या टीममधून खेळलाय, पुढे काही निवड झाली नाही. यात पोट भरतं का हो?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. पोट भरतं, पण उशिरा भरतं. आणि मुलाला नक्की काय शिकवायचंय यावरही ते अवलंबून असतं. देशाच्या संघाचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर त्या खुर्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आठ ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना घडवायचं असेल तर काम भरपूर आहे आणि ते नीट करणारी माणसं थोडी आहेत. हा लेख त्या दुसऱ्या वाटेबद्दल.

लहान मुलांचा कोच म्हणजे खालची पायरी?

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे: नवखा कोच लहानांना शिकवतो, अनुभव आला की मोठ्यांकडे जातो. प्राथमिक शाळेतले गुरुजी हायस्कुलात बढतीवर जावेत, तसं. प्रत्यक्षात दहा वर्षांच्या मुलाला स्टिक धरायला शिकवणं आणि पंचवीस वर्षांच्या खेळाडूला सामन्याची रणनीती समजावणं ही दोन वेगळी कसबं आहेत.

साधं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातलं मूल हॉकीच्या मैदानावर येतं तेव्हा त्याच्या हाताला आधीच बॅटची सवय झालेली असते. ते स्टिकही तशीच धरतं, दोन्ही मुठी आवळून. मग स्टिक उलटी फिरत नाही, चेंडू डावीकडे गेला की मूल सगळं अंगच वळवतं. "ग्रिप बरोबर कर" असं शंभरदा ओरडून काही होत नाही. कुलपात किल्ली फिरवतोस ना, तसा डावा हात फिरव, आणि उजव्या हाताची नळी कर, स्टिक तिच्यातून नुसती फिरू दे, असं म्हटलं की दोन मिनिटांत चेहरा उजळतो. एखादी आई विचारते, "आमची डावखुरी आहे, तिला वेगळी स्टिक घ्यायची का?" हॉकीत डावखुऱ्यांची स्टिक नसतेच. सपाट बाजू सगळ्यांची एकच. उलट स्टिक फिरवायचं काम डाव्या हाताचं असल्यामुळे ही मुलगी कदाचित लवकरच शिकेल. हे त्या आईला पटवून सांगणं हासुद्धा कोचच्या कामाचाच भाग आहे.

रांगेचा हिशेब

कुठल्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी जा. वीस मुलं एका रांगेत, समोर कोन ठेवलेले. एकेक जण ड्रिबल करत जातो, गोलवर मारतो आणि रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. शिस्त दिसते, पालक खूश होतात. आता हिशेब करा. एकाची पाळी पंधरा सेकंदांची धरली तर वीस मुलांची फेरी पाच मिनिटांत पूर्ण होते. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला बारा पाळ्या, म्हणजे तीन मिनिटं हॉकी. उरलेली सत्तावन्न मिनिटं मूल उभं असतं, पुढच्याला टपली मारत असतं किंवा पाणी प्यायला गेलेलं असतं.

हीच वीस मुलं तीन-तीनच्या छोट्या सामन्यांत वाटून दिली आणि उरलेल्या दोघांना आळीपाळीने पंच केलं, तर चेंडू सतत कुणाच्या ना कुणाच्या स्टिकला लागलेला असतो. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात आपण 4-3 असं ज्या स्पेनला हरवून सुवर्णपदक मिळवलं, त्या स्पेनचे ते प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी मुलांसाठी तीन विरुद्ध तीन आणि चार गोल असा खेळ लोकप्रिय केला. प्रत्येक बाजूला दोन गोल असल्यामुळे मुलाला मान वर करून बघावंच लागतं, कुठला गोल मोकळा आहे ते. "वर बघ, वर बघ" असं ओरडायची गरज उरत नाही.

माझी एक ढाल

माझ्याकडे चौदा वर्षांखालच्या एका स्पर्धेतली ढाल आहे. कोचिंग सुरू करून फार दिवस झाले नव्हते. संघात दोन मुलं वयाच्या मानाने उंच आणि दणकट होती. मी सोपं गणित मांडलं: चेंडू त्यांना द्या, ते लांब मारतील, बाकीच्यांनी पळावं. आम्ही जिंकलो, फोटो छापून आला. पुढच्या दोन वर्षांत बाकीच्यांची उंची वाढली, त्या दोघांचं विशेष काही राहिलं नाही, कारण ताकदीपलीकडे मी त्यांना काही शिकवलंच नव्हतं. ज्यांना नुसतं पळायला लावलं होतं, त्यांनी कंटाळून खेळ सोडला. त्या संघातला एकही मुलगा अठराव्या वर्षी हॉकी खेळत नव्हता.

वयोगटाच्या निवडीत ही चूक सर्रास होते. पात्रतेची तारीख 1 जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला ही दोन्ही मुलं एकाच गटात येतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधी कधी हातभर उंचीचा फरक. निवडणाऱ्याला तो 'टॅलेंट' वाटतो. चांगला कोच वहीत मुलांच्या जन्ममहिन्यांची नोंद ठेवतो आणि लहानखुऱ्या मुलासाठी दोन वर्षं जास्त थांबतो.

शिक्षण कोणतं, कुठे?

बारावीनंतर लगेच कोच होता येत नाही आणि होऊही नये. पदवी घ्याच. शाळेत नोकरी हवी असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. उपयोगाचं. प्रशिक्षणातलं सगळ्यात मान्यताप्राप्त शिक्षण म्हणजे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम, ज्याला मैदानावर सगळे 'एनआयएस केलंय का?' असंच विचारतात. पतियाळा संस्थानच्या मोतीबाग राजवाड्यात 1961 साली ही संस्था सुरू झाली. पदविका एक वर्षाची, शिवाय सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. प्रवेशाला खेळातली कामगिरी आणि पात्रतेच्या इतर अटी असतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्याच वर्षीची जाहिरात वाचा. शेजारच्या दादाने सांगितलेल्या अटींवर विसंबू नका.

दुसरी वाट हॉकी इंडियाच्या अभ्यासक्रमांची. बेसिक, मग लेव्हल 1 अशा पायऱ्या चढत आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या अभ्यासक्रमांपर्यंत जाता येतं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे करता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

प्रमाणपत्रासोबत दोन गोष्टी शिका. एक, पंचगिरी. नियम तोंडपाठ असलेल्या कोचची मुलं फाउल कमी करतात. दोन, वाढत्या शरीराचं ज्ञान. तेरा-चौदा वर्षांचं मूल गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणालं, तर ते नाटक नसू शकतं. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात धावपळीचा ताण तिथल्या हाडावर येतो. अशा वेळी त्याला पळवायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

नोकऱ्या आणि पैसा

इथे गोड बोलून उपयोग नाही. पहिली तीन-चार वर्षं शाळेचं तासिका तत्त्वावरचं मानधन, सकाळी क्लब आणि एप्रिल-मेमधलं उन्हाळी शिबिर यांवर गाडी ढकलावी लागते. मानधन बऱ्याचदा शैक्षणिक वर्षापुरतंच असतं. म्हणून घरच्यांशी आधीच बोला: किती वर्षं कमी पैशांत काढायची तयारी आहे?

स्थिर नोकरीचे पर्याय आहेत. शाळेतला क्रीडा शिक्षक, राज्याच्या क्रीडा विभागात क्रीडा मार्गदर्शक आणि क्रीडा अधिकारी, क्रीडा प्रबोधिनी, भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, खाजगी अकादम्या. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून मुलाची खेळातली प्रमाणपत्रं आजच जपून ठेवा आणि त्यांची पडताळणी वेळेत करून घ्या. नोकरी लागायच्या वेळी धावपळ करणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत.

"मोठा खेळाडू नसेल तर कोण विचारणार?" हा प्रश्नही असतो. श्रीजेशसारखा दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेला गोलरक्षक 2024 मध्ये निवृत्त होऊन थेट ज्युनियर संघाचा प्रशिक्षक होतो, हे खरं. पण प्रीतम सिवाच यांचं उदाहरणही पाहा. भारताच्या माजी कर्णधार असलेल्या प्रीतम यांनी सोनीपतमध्ये मुलींसाठी अकादमी उभी केली, वर्षानुवर्षं एकाच मैदानावर काम केलं, आणि 2021 चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामाच्या जोरावर. नावामुळे दार लवकर उघडतं. आत टिकून राहायला मात्र रोज संध्याकाळी मैदानावर जावंच लागतं.

महाराष्ट्राचं मैदान

आपल्याकडे हॉकीचे कोपरे ठरलेले आहेत. पुण्याची खडकी, जिथून धनराज पिल्ले आला. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस, जिथल्या मुलांनी देशाचे संघ भरले. पिंपरीचं नेहरूनगर, जिथे कृत्रिम मैदान आहे. बाकी जिल्ह्यांत बहुतेक मुलं मुरमावरच शिकतात. मुरमावर चेंडू उसळतो, म्हणून मूल उभ्याने, सावधपणे खेळतं. टर्फवर चेंडू सपाट आणि वेगाने येतो, गुडघे वाकवून खाली बसावं लागतं. 1976 च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. तो धडा अजून जिल्ह्याजिल्ह्यांत गिरवायचा बाकी आहे. नव्या कोचने निदान महिन्यातून एकदा मुलांना टर्फवर न्यायची सोय करावी. एसटीचा पास, पालकांची गाडी, काहीही.

पालकांनी विचारायचे प्रश्न

तुमचं मूल कोच होत असो किंवा एखाद्या कोचकडे जात असो, हे प्रश्न दोन्हीकडे लागू आहेत. मुलांना शिनगार्ड आणि माउथगार्ड सक्तीचे आहेत का? गोलरक्षक एकच ठरवून टाकलाय, की सगळी मुलं आळीपाळीने उभी राहतात? मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी महिला व्यवस्थापक जाते का? कोच मुलांशी एकट्याने, खाजगीत फोनवर बोलतो का? 2012 चा पॉक्सो कायदा प्रत्येक कोचने वाचलेला असावा. भीतीपोटी नव्हे; कुठे उभं राहायचं, कुठे नाही, हे आधीच ठरलेलं असलं की मूल आणि कोच दोघंही निर्धास्त असतात.

आणि शेवटचा प्रश्न, जो मी त्या फोनवरच्या वडिलांनाही सांगतो. मार्चमध्ये परीक्षेसाठी सराव थांबतो, मुलं गावी जातात. जूनमध्ये शाळा उघडते, पहिला पाऊस पडतो, मैदानावर चिखल असतो, स्पर्धा अजून लांब असतात. त्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या पंचवीसपैकी किती मुलं स्टिक घेऊन परत आली? वीस आली तर तुमच्या मुलाने कोच होण्याच्या वाटेवर पाऊल टाकलंय. पाचच आली तर कपाटातली ढाल कितीही मोठी असो, वही उघडून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.

मला ते त्या ढालीनंतर शिकावं लागलं. गेल्या जूनमध्ये मी बावीस मोजली. त्यातला एक सगळ्यात बुटका होता, डिसेंबरातला.