लूपमधील लूप आणि तक्त्यांची नावे

इतिहासाचा कोणताही कागद हाती आला की आम्ही प्रथम तीन गोष्टी विचारतो : हा कोणाचा, कुठला आणि केव्हाचा? संगणकावर माहिती हाताळतानाही याच प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांचे काम समजून घेऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी हा लहानसा पाठ.

उदाहरण जनगणनेचे घेऊ. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याचे ११ आणि सांगलीचे १० तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यासाठी साक्षरता, धर्म आणि व्यवसाय असे तीन स्वतंत्र तक्ते हवे आहेत. यादीतील प्रत्येक घटकासाठी तेच काम पुन्हा करून घेण्याच्या सूचनेला 'लूप' म्हणतात. येथे बाहेरचा लूप जिल्हा घेतो, त्याच्या आतला तालुका घेतो आणि सर्वांत आतला विषय घेतो. २१ तालुके गुणिले ३ विषय, असे ६३ तक्ते तयार झाले पाहिजेत.

घात होतो तो नावात. तक्ता साठवताना 'निकाल' हे एकच नाव दिले, तर प्रत्येक फेरीत नवा तक्ता जुन्यावर लिहिला जातो. संगणक बहुधा तक्रार करीत नाही. काम पार पडले असेच दिसते. हाती उरतो तो शेवटच्या तालुक्याचा शेवटचा तक्ता. बाकीचे ६२ पुसले गेलेले असतात.

म्हणून नाव फेरीगणिक बांधावे :

नाव = जिल्हा + "_" + तालुका + "_" + विषय

त्यातून 'सातारा_माण_साक्षरता' असे नाव तयार होते. पायथॉन, आर किंवा सॅस यांत लिहिण्याची रीत निराळी असली तरी तत्त्व एकच : जितके लूप, तितके नावाचे घटक. शिवाय ही ओळ सर्वांत आतल्या लूपमध्येच हवी. ती तालुक्याच्या लूपमध्ये राहिली, तर विषय बदलूनही नाव बदलत नाही आणि ६३ ऐवजी २१ च तक्ते उरतात.

तालुक्याचे नाव असताना जिल्हा कशाला, असे कोणी विचारील. खानापूर तालुका सांगलीत आहे, तसा बेळगाव जिल्ह्यातही आहे. सीमाभागाचा अभ्यास करताना जिल्हा गाळला, तर एक खानापूर दुसऱ्याला पुसून टाकील.

वर्षाचे महत्त्व तर याहून मोठे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. या दोन आकड्यांच्या मधे १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा आहे. 'महाराष्ट्र_बौद्ध' एवढेच नाव ठेवले, तर १९६१ चा तक्ता १९५१ च्या तक्त्याला पुसतो आणि एका समाजाने केलेले परिवर्तन आकड्यांतून दिसेनासे होते.

वर्षाचा लूप घालताना याद्याही त्या त्या वर्षाच्या घ्याव्यात. १९५१ मध्ये आजच्या सांगलीचे नाव दक्षिण सातारा होते. १९६१ च्या यादीत पलूस व कडेगाव हे तालुके नव्हते.

आणखी दोन सूचना. नावात मोकळी जागा सोडू नये. क्रमांक द्यायचे असल्यास ०१, ०२ असे द्यावेत. अन्यथा अनेक ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो.

आता आपल्या तालुक्यासाठी गावांचा चौथा लूप घालून पाहावा. एकाच नावाची गावे अनेक असल्याने तेथे जनगणनेचा गाव-क्रमांक नावात घ्यावा. म्हसवड मात्र नगरपरिषदेचे शहर असल्याने ते शहरांच्या यादीत शोधावे. काम संपले की किती तक्ते व्हायला हवे होते आणि किती झाले, हे मोजावे. संख्या जुळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.