मुगाचा सिनेमा



आमच्या वर्गाने एक सिनेमा केला आहे. तो फक्त ११ सेकंदांचा आहे. पण त्याची कल्पना कशी सुचली ते मला सांगायचे आहे, कारण सगळा वेळ त्यातच गेला.

गुरुजी म्हणाले, "आपण हलत्या चित्रांचा सिनेमा करू. गोष्ट तुम्ही शोधा." मी लगेच राक्षस आणि विमानाची लढाई सांगितली. गुरुजी नाही म्हणाले नाहीत, त्यांनी फळ्यावर गणित घातले. एका सेकंदाला १२ चित्रे धरली तर एका मिनिटाला ७२० चित्रे लागतात. एका पानावर एक चित्र काढले तर १०० पानी सात वह्या भरून वर २० चित्रे उरतात. माझा राक्षस तिथेच मेला.

मग गुरुजींनी दादासाहेब फाळके यांची हकीकत सांगितली. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांना दाखवला गेला. पण त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा ठेवला होता. रोप वाढत गेले तसतसे एकेक चित्र घेतले. ती चित्रे भरभर दाखवली की पडद्यावर वाटाणा झटपट उगवायचा! ते पाहून मोठ्या सिनेमासाठी त्यांना कर्ज मिळाले. सिनेमाची कला शिकायला ते लंडनला गेले होते, पण आधी सिनेमा केला तो कुंडीतल्या वाटाण्याचा. पुढे त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांचाही सिनेमा केला.

आम्ही ठरवले, आपण मूग लावू. मी घरी सांगितले. आबा म्हणाले, "आपला मूग पाहून आपल्याला कोण कर्ज देणार?" सगळे हसले. आई हसली नाही. यंदा आमचा मूग उगवला आणि मग पाऊस गेला. कोवळी रोपे करपली. दुबार पेरणीच्या बियाण्याला आत्याकडून पैसे आणले.

आबा थोड्या वेळाने म्हणाले, "पानी गयं तं काय व्हस, तेबी दाखाड." म्हणजे पाणी गेले तर काय होते तेही दाखव.

ही कल्पना मला राक्षसापेक्षा भारी वाटली. गुरुजींनी दोन ग्लास खिडकीत ठेवले. दोन्हींत पाच पाच दाणे पेरले. दोन्हींना दोन दिवस पाणी घातले. नंतर डाव्या ग्लासाला रोज पाणी, उजव्याला बंद. समोर दोन विटांवर गुरुजींचा मोबाईल ठेवला आणि विटांभोवती खडूने रेघा मारल्या, म्हणजे मोबाईल रोज त्याच जागी येतो. प्रत्येक तासाच्या घंटेला एक फोटो. रोज ८ घंटा, शनिवारी ४. दोन आठवड्यांत ८८ फोटो झाले. एका सेकंदाला ८ दाखवले म्हणून ११ सेकंद.

त्यात दोन चुका आहेत. रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी रोप एकदम उडी मारते. आणि एकदा झाडताना माझ्याकडून वीट सरकली. तिथे सगळी खिडकीच हलते, मूग नाही.

उजव्या ग्लासाला पाणी घालावे असे मला रोज वाटायचे. एकदा मी तांब्या घेऊन गेलेसुद्धा. पण घातले नाही.

सिनेमा दाखवला त्या दिवशी आबा शेतातून तसेच आले. सुरुवातीला दोन्हीकडे माती फुटते आणि दोन दोन पाने वर येतात. मुले टाळ्या वाजवायला लागली. मग उजवीकडची रोपे हळूहळू वाकतात आणि मातीवर आडवी होतात. डावीकडची उभीच राहतात. टाळ्या थांबल्या.

आबा म्हणाले, "परत लाव."

गुरुजींनी तीन वेळा लावला. डावीकडचा ग्लास अजून खिडकीत आहे. त्याला पाणी घालायची पाळी या आठवड्यात माझी आहे.

(इयत्ता चौथी)