चष्म्याचा नंबर आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह विज्ञानकक्षात येऊन उभा राहिला. आदल्या वर्षी तो एस.एस.एल.सी. उत्तीर्ण झाला होता. वय सतरा, धावण्यात तरबेज, डोळ्यांवर उणे साडेतीन नंबरचा चष्मा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या भागातील कितीतरी मुलांच्या मनात सैन्यभरतीचे स्वप्न लहानपणापासून रुजलेले असते. त्यांतलाच हा एक. वडील खानापूर तालुक्यातील एका खेड्यात शेती करतात. ते म्हणाले, "सर, लेझर मारून चष्मा घालवतेत म्हणे. म्हैस इकीन, पण पोरगं भरतीला उभं राहिलं पाहिजे. तुम्ही सायन्सवाले, तुम्ही सांगा."

आम्ही डॉक्टर नाही. परंतु दहावीच्या प्रकाशाच्या धड्यात जे शिकवितो, त्याचाच हा प्रश्न होता. त्या दोघांशी झालेले बोलणे, आणि पुढे नेत्रतज्ज्ञांशी बोलून व वाचून जे आम्हांस समजले, ते येथे मांडीत आहोत; कारण हाच प्रश्न घेऊन येणारे पालक दरवर्षी वाढत आहेत.

प्रथम डोळ्याची रचना थोडी आठवू. डोळ्यात प्रकाश वळविण्याचे काम नेत्रभिंग करते, असे बहुतेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. ते अर्धेच खरे आहे. डोळ्याच्या सर्वांत पुढच्या भागी जो पारदर्शक घुमट असतो, त्यास पारपटल म्हणतात. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर धरली, तर त्यांपैकी सुमारे 43 डायॉप्टर एकट्या या पारपटलाची असते. विहिरीत बुडी मारून डोळे उघडणाऱ्या मुलांनी याचा प्रत्यय घेतलेलाच आहे. पाण्याचा आणि पारपटलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असल्यामुळे पाण्याखाली पारपटल प्रकाश वळवू शकत नाही, आणि समोरचे सारे पुसट दिसते. नेत्रभिंग तर तेव्हाही जागेवरच असते!

निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल लांबट झालेला असतो. नवजात बालकाचा नेत्रगोल सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, प्रौढाचा सुमारे 24. ही वाढ एक मिलिमीटर अधिक झाली, तर अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळते. अंतर्वक्र भिंगाचा चष्मा ती मागे ढकलून पटलावर आणतो. पारपटल चेंडूसारखे गोल नसून अंड्यासारखे एका दिशेने अधिक वक्र असेल, तर सिलिंड्रिकल नंबर लागतो. या दोन्ही गोष्टी सुधारण्यास चष्म्याऐवजी पारपटलाचा घुमटच थोडा सपाट केला तर? दृष्टी सुधारणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रियांचे मूळ या एका प्रश्नात आहे.

डोळ्यावर शस्त्र धरण्याची विद्या आपल्या देशास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जवासारख्या टोकाच्या शलाकेने मोतीबिंदू बाजूस सारण्याची क्रिया वर्णिली आहे. पण ती आंधळेपणावरची क्रिया होती. निरोगी, केवळ चष्म्याची गरज असलेल्या डोळ्यावर शस्त्र चालवावे की काय, हा प्रश्न अगदी अलीकडचा, आणि त्याचा इतिहास सर्वांनी जाणून घ्यावा असा आहे. जपानमध्ये सुतोमू सातो या नेत्रतज्ज्ञाने 1939 च्या सुमारास पारपटलाला आतून आणि बाहेरून चिरा देऊन ते सपाट करण्याचा प्रयत्न आरंभिला. शेकडो तरुण डोळ्यांवर ही क्रिया झाली, आणि आरंभी रुग्ण समाधानीही होते. परंतु पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो. तो पारपटलातील पाणी उपसून त्यास स्वच्छ राखतो, आणि एकदा नष्ट झाला की मनुष्यात पुन्हा भरून येत नाही. ही गोष्ट त्या काळी ठाऊक नव्हती. पुढे दहा, वीस वर्षांनी त्यांतल्या पुष्कळ डोळ्यांतील पारपटले सुजून पांढरी पडली.

त्यानंतर 1970 च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेल्या एका मुलाचा नंबर जखम भरल्यावर उतरलेला पाहून त्यांना ही दिशा सुचली, असे सांगतात. ही पद्धत जगभर पसरली. पण अमेरिकेत अशा रुग्णांची दहा वर्षे पाहणी केली गेली, तेव्हा शंभरांतील सुमारे 43 डोळे एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक दूरदृष्टितेकडे सरकल्याचे दिसून आले. चिरा दिलेला घुमट स्थिर राहात नाही, हे कळून चुकले.

आजची पद्धत ज्या शोधावर उभी आहे, त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. 1929 मध्ये मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. एक्सायमर नावाच्या लेझरचा जंबुपार किरण प्लॅस्टिक फार स्वच्छ कापतो, हे त्यांना व सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन या सहकाऱ्यांना दिसले होते. 1981 च्या नोव्हेंबरात, तेथील थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी घरी जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा किरण सोडला. साध्या लेझरने मांस करपते; येथे मात्र काठ न करपता रेखीव खाच पडली. 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा किरण रेणूंचे बंधच तोडतो. शेजारच्या भागाला उष्णता पोचण्याच्या आत तेवढा थर उडून गेलेला असतो. एका स्पंदासरशी मिलिमीटरचा सुमारे चार-हजारावा भाग निघतो. सणाच्या शिळ्या अन्नातून एवढे मोठे शास्त्र निघावे, याची मौज वाटल्यावाचून राहात नाही. 1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने हा किरण पारपटलावर कसा वापरता येईल हे दाखविले, आणि त्या दशकाच्या अखेरीस तो माणसाच्या डोळ्यांवर येऊन पोचला.

आता मुख्य हिशोबाकडे वळू. मुलाच्या वडिलांना आम्ही फळ्यावर मांडून दाखविला तो हाच. पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लॅसिक नामक पद्धतीत प्रथम वरचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा एका कडेला जोडलेला ठेवून झाकणासारखा उचलतात, खालच्या भागावर लेझर चालवितात आणि झाकण परत बसवितात. एक डायॉप्टर उतरविण्यास साधारण 12 ते 15 मायक्रॉन खर्ची पडतात. चार नंबर असेल, तर 15 प्रमाणे 60 मायक्रॉन. 540 मधून 110 आणि 60 वजा जाता 370 उरले. झाकणाखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, अशी जुनी मर्यादा आहे. बरेच तज्ज्ञ त्याहून अधिक राखतात. म्हणजे हा डोळा हिशोबात बसला. आता दुसरा डोळा घ्या: जाडी 490, नंबर नऊ. 110 झाकणाचे, 135 लेझरचे, उरले 245. येथे लॅसिक करू नये. उरलेला पडदा आतील दाबाने हळूहळू पुढे फुगतो आणि दृष्टी चष्म्यानेही नीट होत नाही अशी अवस्था येऊ शकते. विद्यार्थ्यांनी वेगवेगळे आकडे घेऊन ही वजाबाकी स्वतः करून पाहावी.

केवळ जाडी मोजून मात्र भागत नाही. काही तरुणांचे पारपटल आधीच शंकूसारखे होऊ लागलेले असते आणि त्यांना त्याची वार्ताही नसते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाचा नकाशा काढतात, जसा सर्वेक्षण खाते डोंगराचा उंचसखलपणा रंगांनी दाखविते तसा. शंकूची शंका जरी आली, तरी जाणता तज्ज्ञ लेझरास हात लावीत नाही. डोळे सतत चोळण्याची सवय या विकाराशी निगडित आहे. वर्गात खडूच्या धुळीने डोळे खाजतात म्हणून मुठीने रगडणारी मुले आम्ही रोज पाहतो.

लॅसिक ही एकच पद्धत नव्हे. पी.आर.के. मध्ये झाकण न करता पारपटलावरची पातळ त्वचा खरवडून थेट पृष्ठभागावर लेझर चालवितात. त्वचा तीन ते पाच दिवसांत पुन्हा येते, तोवर डोळा चांगलाच दुखतो, आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. पण झाकण नसल्यामुळे ते सरकण्याची भीतीही नाही. धक्काबुक्कीच्या व्यवसायांत व खेळांत असणाऱ्यांस म्हणून ती अधिक योग्य समजली जाते. स्माइल या नव्या पद्धतीत पारपटलाच्या आतच पातळ चकती कापून ती अगदी लहान छेदातून बाहेर काढतात. पारपटल पातळ आणि नंबर मोठा असेल, तर पारपटल न तासता परितारिकेच्या मागे, स्वतःच्या नेत्रभिंगापुढे, एक मऊ कृत्रिम भिंग बसविता येते. ते पुढे काढताही येते, हा त्याचा गुण. पण डोळ्याच्या आत शिरावे लागते, हे विसरता येत नाही. वडीलधाऱ्यांच्या मोतीबिंदूत धूसर झालेले नेत्रभिंगच काढून त्या जागी कृत्रिम भिंग घालतात, तेव्हा नंबरही बराचसा जातो. हे काम प्रथम लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी 1949 मध्ये केले. महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे त्रास न देता राहतात, हे त्यांनी पाहिले होते.

या सर्व क्रियांत एक गोष्ट बदलत नाही, आणि जाहिरातींत ती क्वचितच वाचावयास मिळते. लांबट झालेला नेत्रगोल लांबटच राहतो. समोरचा घुमट सपाट झाला, तरी मागे ताणलेले दृष्टिपटल तसेच ताणलेले असते. मोठा नंबर असलेल्यांत ते फाटण्याचा वा सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही कायम असतो. तेव्हा चष्मा गेला तरी बाहुली विस्फारून करावयाची तपासणी सुटत नाही. शिवाय पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले गेल्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात, काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. आणि चाळिशी कोणास चुकत नाही. उणे तीन नंबरचा मनुष्य उतारवयात चष्मा काढून ठेवून एक फुटावरचे वर्तमानपत्र सुखाने वाचतो; ज्याचा नंबर लेझरने घालविला, त्यास मात्र वाचनाचा चष्मा घ्यावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा सगळा हिशोब मांडण्यापूर्वीच एक आडकाठी होती. त्याने जवळचे जुने कागद दाखविले. पंधराव्या वर्षी अडीच, सोळाव्या वर्षी तीन, आता साडेतीन. डोळा अजून वाढतो आहे. अशा डोळ्यावर आज लेझर चालविले, तर उद्या नवा नंबर येणार, आणि खर्च केलेले मायक्रॉन परत मिळणार नाहीत. अठरा वर्षे पूर्ण व्हावी आणि नंबर निदान एक वर्ष स्थिर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे तो याचसाठी. दुसरी गोष्ट भरतीची. सैन्यातील दृष्टीचे नियम पदानुसार निरनिराळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. काही जागांसाठी ठराविक वयापूर्वी केलेली शस्त्रक्रिया हेच अपात्रतेचे कारण ठरते. जे दार उघडण्यासाठी म्हैस विकायची, ते त्याच खर्चाने कायमचे बंद व्हावे, असे घडू शकते. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या पदाची चालू वर्षाची जाहिरात आधी वाचा, मग रुग्णालयाची पायरी चढा, असे आम्ही त्यांना सांगितले. वडील बराच वेळ फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहात राहिले. "म्हणजे आता घाई केली तर पोराचंच नुकसान," एवढेच ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते मुलास घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेले. पारपटलाची जाडी पुरेशी निघाली, नकाशाही निर्दोष आला. पण नंबर थांबेपर्यंत शस्त्रक्रिया नाही, असे तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीस बोलाविले. मुलाने पदविका अभ्यासक्रमास प्रवेश घेतला असून पहाटेचे धावणे सोडलेले नाही. डिसेंबरच्या तपासणीत नंबर पावणेचार भरला. तो कागदही त्याने आधीच्या तीन कागदांसोबत टाचून ठेवला आहे.