उष्णतेपासून वीज : छापील पट्टीचा पेच

इ. स. १८२१ मध्ये बर्लिन येथे थॉमस सीबेक यांनी तांबे आणि बिस्मथ हे दोन धातू दोन्ही टोकांशी जोडून एक मंडल तयार केले. त्याचा एक सांधा तापविताच जवळची चुंबकसूची वळली. उष्णतेमुळे धातूंत चुंबकत्व आले, असा अर्थ त्यांनी लावला. मंडलातून विद्युत् प्रवाह वाहतो आणि त्यामुळेच सूची वळते, हे डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी ओळखले.

या घटनेचे कारण असे : पदार्थाचे एक टोक उष्ण व दुसरे थंड असेल, तर उष्ण टोकाकडील विद्युत् भारवाहक कण थंड टोकाकडे सरकतात व दोन टोकांत विद्युत् दाब निर्माण होतो. धातूंत हा दाब फारच थोडा असतो. बिस्मथ टेल्युराइड या अर्धसंवाहकात तो तापमानातील दर अंश फरकाला सुमारे २०० मायक्रोव्होल्ट भरतो. म्हणजे ५ अंशांच्या फरकाला एका तुकड्यातून अवघा १ मिलिव्होल्ट मिळतो. १ व्होल्टसाठी असे १,००० तुकडे एकसर जोडावे लागतात.

हा पदार्थ ठिसूळ आहे. गरम नळीच्या गोलाईवर किंवा मनगटावर तो बसविता येत नाही. म्हणून त्याची बारीक पूड बंधक द्रव्यात कालवून शाई करतात, ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर जाळीतून छापतात आणि नंतर तापवितात. एका छपाईत शेकडो तुकडे उमटतात व पट्टी हवी तशी वाकते.

परंतु येथेच खरा पेच उभा राहतो. जे बंधक द्रव्य पुडीचे कण धरून ठेवते, तेच विजेची वाट अडविते. शिवाय वाकण्यासाठी थर पातळ हवा, आणि थर पातळ असला की उष्णता क्षणात आरपार जाऊन दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच तापतात. फरक नाहीसा झाला, की वीजही नाहीशी होते. यावर उपाय म्हणून तुकडे पट्टीच्या लांबीच्या दिशेने छापतात व पट्टीची घडी किंवा गुंडाळी करून ती उभी ठेवतात. मग उष्णतेला लांब वाट चालावी लागते. मात्र वाट लांबली, की विद्युत् रोधही वाढतो.

त्वचा ३३ व हवा २५ अंश सेल्सियस असता, निर्दोष यंत्रालाही उष्णतेच्या जेमतेम २.६ टक्के भागाची वीज करता येईल. तेव्हा अशा पट्टीवर घर उजळणार नाही. पण एखाद्या लहानशा मापकाला बॅटरीवाचून चालविणे तिच्या आवाक्यातले आहे.