रंधा मारण्याआधी

चुलतभावाने गावचा वाडा उतरवायला काढला, तेव्हा गोठ्याच्या माळ्यावर बाभळीचा एक जडशीळ गोल ठोकळा निघाला. हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी आख. भंगारवाल्याने ‘तेलघाण्याची लाट’ म्हणून ठोकून दिलं. घाण्याची लाट उखळात उभी फिरते; तिला दोन्हीकडे आख कशाला? पण घरात ‘अँटिक’ निघाल्याच्या आनंदात असले प्रश्न कोणाला पडत नाहीत. भावाने सुतार बोलावला. त्याने रंधा मारला, पॉलिशपेपर घासला, वर वॉर्निशचे हात दिले. मी पोचलो तोवर वस्तू झकास दिसत होती आणि सांगत काहीच नव्हती.

तो निघाला विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचा कणा. मोटेला दोर दोन. जाड नाडा मोटेच्या तोंडाशी बांधलेला; तो वरच्या चाकावरून जातो आणि सगळा भार ओढतो. बारीक सोंदूर सोंडेला. तो खाली, मोट जिथे रिकामी होते त्या थारोळ्याच्या काठावरच्या कण्यावरून सरकतो. मोट वर येत असताना सोंड दुमडून वर धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर नाडा तोंडाला चाकाकडे आणखी वर नेतो, सोंदूर मात्र सोंडेला थारोळ्यात खेचतो, आणि मोट आपली आपण रिकामी होते. विहिरीच्या तोंडाशी दुसरा माणूस लागतच नाही. मोटकरी एकटा बैलांबरोबर धावेवर. ज्याने कोणी हे पहिल्यांदा जमवलं, त्याच्या डोक्याला सलाम!

ओला, चिखलाने माखलेला सोंदूर वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिला की कण्यावर खाच पडते. रंध्याने नेमकी तीच उडवली होती. ओळख पटली ती मळ्यातल्या विहिरीवर: थारोळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांतल्या खोबणीत आख अचूक बसले.

म्हणून सांगतो, अनोळखी अवजार हाती आलं तर आकारापेक्षा झीज बघा. हात लागून गुळगुळीत झालेली जागा कोणती, दोर कुठे काचला, माती कुठवर घुसायची. सुक्या ब्रशपलीकडे काही लावू नका. जिथे सापडलं तिथेच आधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि आजूबाजूचे बिनकामाचे वाटणारे तुकडे फेकू नका. तळाला भोकं असलेली एक लाकडी वाटी मी शहरातल्या दुकानात मेणबत्तीचा स्टँड म्हणून मांडलेली पाहिली. ते पेरणीचं चाडं होतं. भोकं तीन असली तर तिफणीचं, चार असली तर चौफणीचं. खालचे पोकळ नळे सोबत असते तर कोणालाही कळलं असतं.

लोखंडी वस्तूवर गंजाखाली ओतीव अक्षरं असू शकतात. खडू आडवा फिरवला की उठून दिसतात. वयही कधी त्यातूनच कळतं. नांगरावर ‘किर्लोस्करवाडी’ असं असेल तर तो १९१० नंतरचा, कारण ते गाव वसलं तेव्हा. त्याआधीचे किर्लोस्करांचे नांगर बेळगावचे.

नावावरून मात्र भांडू नका. सातारकडे ज्याला कुळव म्हणतात त्याला विदर्भात वखर म्हणतील. नोंद करताना गाव आणि तालुका लिहा.

आणि जुन्या माणसाला विचारताना स्वतः नाव सुचवू नका. ‘आजोबा, ही घाण्याची लाट ना?’ म्हटलं की शहरातून आलेल्या पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून आजोबा ‘असंल बाबा’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा वस्तू त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘बैल कुठल्या अंगाला असायचे?’ मग थांबा.