नगरपालिकेचे दार आणि आपली सही

स्मरणिकेसाठी आपण बहुधा एखाद्या रोगावर किंवा नव्या उपचारपद्धतीवर लिहितो. यंदा मी निवडलेला विषय वरवर पाहता वैद्यकाबाहेरचा आहे. नगरप्रशासनाच्या निरनिराळ्या खात्यांत समाजाच्या सर्व थरांतील माणसांना स्थान कसे मिळते, हा तो विषय. परंतु या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या तपासणीच्या टेबलापाशी येऊन थांबतो, असे मला अनुभवांती वाटू लागले आहे.

आपले सिल्वासा पाहता पाहता वाढले. २००१ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या जेमतेम बावीस हजार होती. २०११ मध्ये नगरपालिका हद्दीत ती अठ्ठ्याण्णव हजारांवर गेली. कारखान्यांच्या निमित्ताने महाराष्ट्र, गुजरात, उत्तर प्रदेश, बिहार अशा अनेक प्रांतांतून माणसे आली. आपण मराठी डॉक्टरही त्यांतलेच. मूळचे वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी हे समाज मात्र प्रमाणाने घटत गेले. दादरा आणि नगर हवेलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण २००१ मध्ये ६२ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०११ मध्ये ५२ टक्क्यांवर आले. अशा गावात पाणीपुरवठा, सफाई, दिवाबत्ती, करवसुली, जन्म-मृत्यू नोंदणी या खात्यांत कोण बसते, याला म्हणूनच फार महत्त्व आहे. वारली बोलणारी बाई नोंदणीच्या खिडकीशी आली आणि पलीकडे तिची बोली समजणारे कोणीच नसले, तर तिच्या बाळाच्या नावात चूक होते. ती चूक पुढे शाळेत आणि दवाखान्यातही त्या मुलाची पाठ सोडत नाही.

कायदा काय सांगतो

सर्वांना सामावून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत. जागा देणे आणि त्या जागेवर माणसाला मानाने बसू देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण आले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतील राखीव जागा तीनवरून चार टक्क्यांवर नेल्या. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, असेही त्यात आहे.

२०२२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून, स्वच्छतेचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या ग्रीन मार्शल पथकात आणि उद्यानांच्या देखभालीसाठी कामावर घेतले. सिग्नलवर ज्यांना आपण काच वर करून टाळतो, त्यांच्याच हाती महापालिकेने नियमपालनाचे काम सोपवले. याउलट २०१७ मध्ये कोची मेट्रोने अशाच नेमणुका केल्या, तेव्हा काहींना नोकरी लवकरच सोडावी लागली, कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने घर देईना. नेमणुकीचे पत्र हातात पडल्यानंतरही वाटेत किती दारे असतात, ते यावरून दिसते.

माझ्या हातून झालेली चूक

त्या दारांपैकी एक आपल्या ताब्यात आहे. ते म्हणजे वैद्यकीय पात्रतेचा दाखला. याबाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक येथे नमूद करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आस्थापनेसाठी मी नव्या उमेदवारांची तपासणी करीत असे. पंपचालकाच्या जागेसाठी एक वारली तरुण आला. सडसडीत, काटक, रक्तदाब उत्तम, हिमोग्लोबिन तेरा. सोल्युबिलिटी चाचणी तेवढी होकारार्थी आली. अर्जात 'आनुवंशिक रक्तदोष' असा रकाना होता. मी त्यात 'सिकल सेल – होय' एवढे लिहून सही केली. घाई होती, बाहेर वीस माणसे बसली होती.

तीन महिन्यांनी तो माझ्या दवाखान्यात आला. हातात वहीत जपून ठेवलेला नकाराचा कागद होता. "डॉक्टरसाहेब, मला कसला आजार आहे? घरचे म्हणतात, आता याला मुलगी कोण देणार," असे त्याने विचारले. मी इलेक्ट्रोफोरेसिस करून घेतले. तो केवळ वाहक होता. मी लगेच दुरुस्तीचे पत्र दिले. पण ती जागा तोवर भरली गेली होती. माझ्या दाखल्यात खोटे काहीच नव्हते, फक्त ते अर्धेच लिहिलेले होते. नोकरी गेली ती त्या अर्ध्या ओळीमुळे.

दाखला देताना

या अनुभवानंतर मी काही गोष्टी कटाक्षाने पाळतो. त्या आपणांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट : सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण या दोघांतही होकारार्थी येते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय दाखल्यावर काहीही लिहू नये. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते आणि नेहमीच्या कामास पात्र असते. कडक उन्हातल्या अतिश्रमात पाणी भरपूर प्यावे, एवढा सल्ला तिला पुरतो. लग्नापूर्वीचे समुपदेशन जरूर करावे, पण ते खाजगीत; त्याला नोकरीच्या अर्जात जागा नाही.

दुसरी : सिकल सेलचा रुग्णही सरसकट अपात्र नसतो. हायड्रॉक्सियुरियावर वेदनेचे झटके कमी झालेला रुग्ण नोंदणीच्या खिडकीत किंवा कर विभागात उत्तम काम करू शकतो. २०१६ च्या कायद्यात हा आजार अपंगत्वांच्या यादीत असला तरी चार टक्के राखीव जागांच्या गटांत रक्तविकार नाहीत. मात्र मांडीच्या हाडाचे डोके झिजून चालण्यात अडचण येत असेल, तर अस्थिव्यंगाचे मूल्यमापन करता येते. ते ४० टक्के किंवा अधिक भरल्यास त्याला राखीव जागेचा हक्क मिळतो. हे रुग्णाला आपणच सांगितले पाहिजे.

तिसरी : कुष्ठरोग. आपला प्रदेश दीर्घकाळ देशात या रोगाचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या प्रदेशांत गणला गेला. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रुग्ण लवकरच संसर्गमुक्त होतो, हे आपण जाणतो. तरीही ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातील कुष्ठरुग्णास नगरसेवकपदासाठी अपात्र ठरवणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरवले. विधिमंडळाने त्याचा फेरविचार करावा, असेही सुचवले. आज बऱ्या झालेल्या रुग्णाचा राखीव जागांत समावेश आहे. त्याच्या दाखल्यात 'पूर्वीचा कुष्ठरोगी' असे न लिहिता बोटांची पकड, पायाची संवेदना आणि तो काय करू शकतो ते लिहावे.

चौथी : पात्रता नेहमी पदाच्या संदर्भात ठरवावी. रंगांधळेपणा विद्युत विभागातील तारतंत्र्यास अडसर ठरेल, लिपिकास नाही. कमी ऐकू येणारा माळी उद्यान विभागात कोठेच अडत नाही. 'अपात्र' हा एक शब्द लिहिण्याऐवजी 'अमुक कामास पात्र, अमुक सोय आवश्यक' असे वाक्य लिहिण्यास मिनिटभर जास्त लागते.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या भागातील पुष्कळ तरुणांच्या हाती आता तपासणीचा निकाल येईल. तो निकाल त्यांना उपचाराकडे नेतो की नोकरीच्या रांगेतून बाहेर काढतो, हे पुष्कळसे आपल्या लेखणीवर अवलंबून राहील. वारली बोली मराठीला जवळची असल्याने हे समजावून सांगणे आपल्याला इतरांहून सोपे आहे. आपल्या मंडळाने दाखल्याचा एक सुधारित नमुना तयार करून नगरपालिकेस व इतर आस्थापनांस द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिला मसुदा लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.